पदर सापडेस्तोवर

कुत्र्यांच्या भांडणात माणसानं पडू नये, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या घरचं कुत्रं कधी फाटलेलं नसतं, म्हणून सांगतात. कुंताला त्या आठवड्यात निदान वीस जणांनी हे सांगितलं आणि त्यातला एक तिचा लग्नाचा नवरा होता.

गाव दिघोरीपासून दोन कोसांवर, तलावाच्या पाळीखाली. एकोणऐंशी साल. धानाचे परे टाकून झाले होते, रोपं वीत-वीत वर आली होती आणि पाऊस जो दडून बसला तो बसलाच. धानाची खाचरं, म्हणजे बांध्या, वाळून तडकल्या. रोवण्याची, भातलावणीची, वाट पाहत माणसं ओट्यावर बसून राहिली, आणि रिकाम्या माणसाला दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते लवकर दिसतं. तेव्हा कुंताच्या घरचं सगळ्यांना दिसलं.

घर एकच होतं पूर्वी. भाऊ वेगळे झाले तेव्हा मधे बांबूचा टट्टा घातला. अलीकडे धाकटा तेजराम आणि त्याची बायको कुंता, पलीकडे थोरला भैयाजी. विहीर तेवढी सामाईक राहिली, कारण विहिरीत टट्टा घालता येत नाही. भैयाजी म्हणजे कुंताचा भासरा. आणि भासऱ्यासमोर बाईनं कसं असावं ते काही सांगायला नको. डोकं उघडं ठेवायचं नाही, त्याच्या सावलीवर पाय द्यायचा नाही, त्याच्याशी तोंडानं बोलायचं तर नावच नको. बावीस वर्षं कुंतानं हे पाळलं. भासऱ्याला तिचा चेहरा नीट माहीत असेल की नाही, देव जाणे.

पण एका विहिरीवर पाणी भरायचं, एका धुऱ्याला, शेताच्या बांधाला, लागून शेती करायची, तर बोलल्याशिवाय भागतं कुठे? आधी मधे सासू होती. ती गेल्यावर कुंताची मुलगी यमुना. यमुना एकोडीला दिली तेव्हा वेळेवर मधे बोलायला हाताशी कोणी उरलं नाही. त्याच वर्षी भिंगरी आली. स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरायची म्हणून भिंगरी. तांबूस रंग, एक कान पडका. कुंता तिलाच सांगायला लागली, "भिंगरे, सांग तिकडं, वरच्या बांधीचा धुरा फुटला." टट्ट्यापलीकडे भैयाजी खाकरायचा आणि म्हणायचा, "भिंगरे, सांग, माणूस धाडतो." कुत्रं दोघांच्या मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहायचं. चार वर्षं दोन घरांचा सगळा कारभार त्या कुत्रीच्या तोंडून चालला. गाव हसायचं, पण त्यातलं बरंचसं हसणं मायेचं होतं.

मग भैयाजीच्या साळ्यानं नागपुराहून टायगर आणून दिला. नाव टायगर, गळ्यात चामड्याचा पट्टा, जेवायला मटणाची हाडं. आता घरात माणसं लाखोरीची डाळ खातात आणि कुत्रं हाडं चघळतं, याला काय म्हणावं? पण भैयाजीला त्याचं फार कौतुक. बस म्हटलं की बसतो, ऊठ म्हटलं की उठतो, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला करून दाखवायचा. दिवसा साखळीला बांधून ठेवायचा. त्या दिवशी सकाळी मात्र साखळी सुटी होती.

कुंता घरामागच्या सांदवाडीत केस धूत होती. लुगड्याचा पदर कमरेला पिळून घट्ट खोचलेला, केसांतून पाणी गळतंय. विहिरीकडून असा आवाज आला की तिच्या हातातला तांब्या खाली पडला. धावत कोपऱ्यावर आली तर टायगरनं भिंगरीला नरड्याला धरलं होतं आणि कापड झाडावं तशी झाडत होता. विहीर तिथून फार तर दहा पावलं. कुंता तीन पावलं गेली. मग तिला दिसलं की विहिरीच्या पलीकडे, लिंबाची काडी चावत, भैयाजी उभा आहे.

पाय जागच्या जागी थांबले. बावीस वर्षांची सवय, ती पायात असते, डोक्यात नाही. हात आपोआप कमरेकडे गेले पदर काढायला. ओला पदर, पिळून खोचलेला, निघता निघेना. ती ओढत राहिली आणि भिंगरी ओरडत राहिली. आणि भैयाजी? भैयाजी हसत होता. काडी दातांत धरून, मान थोडी वाकडी करून, बैलांची झुंज पाहावी तसा पाहत होता. शेवटी पदर निघाला, कुंतानं तो डोक्यावर घेतला, तोवर भिंगरीचं ओरडणं बंद झालं होतं. तेव्हा भैयाजीनं काडी थुंकली आणि म्हणाला, "टायगर, बस." तो बसला.

एका शब्दात बसला. हे कुंता जन्मभर विसरायची नव्हती.

भिंगरी मेली नाही. मेली असती तर बरं झालं असतं, असं पहिले दोन दिवस वाटत होतं. नरड्याखाली तळहाताएवढं कातडं लोंबत होतं, पुढचा एक पाय दोन ठिकाणी फाटला होता, पडका कान अर्धा गेला होता. कुंतानं कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं धुतलं, हळद दाबली, जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. तेजराम सायकलवर दिघोरीला जाऊन पावडरची डबी घेऊन आला. भाताची पेज बोटानं तोंडात सोडायची, आणि अर्धी पेज नरड्याच्या भोकातून बाहेर यायची. कुंता ती पुसायची आणि पुन्हा बोट बुडवायची. पाऊस नव्हता, दमट उकाडा होता, माश्यांचा नुसता कहर. पदरानं वारा घालून घालून तिचा खांदा दुखून आला. त्या पदराकडे पाहिलं की तिच्या अंगाची आग व्हायची.

चौथ्या दिवशी जखमेत किडे पडले. ज्यानं जनावराच्या जखमेत किडे पाहिलेत त्याला सांगायला नको, आणि ज्यानं पाहिले नाहीत त्यानं न पाहिलेलंच बरं. कुंतानं सीताफळाचा पाला वाटून त्याचा रस आत भरला. किडे वर आले की काट्याच्या चिमट्यानं एकेक ओढून राखेत टाकायची. भिंगरी थरथर कापायची पण चावली नाही. ओरडायला तोंड उघडायची, तर नुसती हवा फुस्स करून बाहेर यायची. आवाज गेला होता. कुंतानं त्या दिवशी किडे मोजले नाहीत, पण एकेक काढताना ती एकच नाव घेत होती आणि ते देवाचं नव्हतं.

तेजराम भावाकडे जाऊन आला. तसा गरीब माणूस, भावापुढे आवाज चढवायची छाती नाही. येऊन खाटेवर बसला, विडी पेटवली आणि सांगायला लागला की दादा म्हणतो, कुत्रं कुत्र्याले चावते, त्याचा कायले बोभाटा. आणि एवढंच वाटत असेल तर नागपुराहून एक पिल्लू आणून देतो म्हणे, जातिवंत.

"तुमी काय म्हटलं?" कुंतानं विचारलं.

तो काहीच बोलला नव्हता, हे त्याच्या विडीवरूनच कळत होतं. संध्याकाळी जाऊ, म्हणजे भैयाजीची बायको ललिताबाई, टट्ट्यापलीकडून एक वाडगा घेऊन आली. मटणाचा रस्सा, भिंगरीसाठी. बाई वाईट नव्हती, तिचे डोळे लाल होते. पण कुंतानं तो वाडगा जसाच्या तसा टायगरच्या बाजूच्या मातीत उपडा केला आणि विसळून परत दिला. गावात दोन दिवस तीच चर्चा. आणि कोण्या तरी शहाण्यानं पारावर एक वाक्य सोडलं, ते फिरत फिरत कुंताच्या कानावर आलं: टायगरनं कुंताचं तोंड फाडलं.

तसं पाहिलं तर खरंच होतं ते.

घरात फवारणीचं एन्ड्रीन होतं. बाटली आड्याला टांगलेली असायची. कुंतानं एका दुपारी ती खाली काढली, शिळा भात परातीत घेतला, बूच उघडलं. वासानं डोक्यात कळ गेली. दोन घास मळून टट्ट्याखालून सरकवायचे, एवढंच काम. ती बराच वेळ परातीपुढे बसली. दया आली म्हणून नव्हे, हे पक्कं समजा. तिनं हिशोब केला तो असा: टायगर तासाभरात तडफडून मरेल, साळा नागपुराहून दुसरा आणून देईल, आणि भैयाजी पुन्हा काडी चावत उभा राहील. त्याचं काय दुखलं? तिनं बाटलीला बूच लावलं, भात उकिरड्यात खड्डा करून पुरला आणि हात तीनदा राखेनं घासले. मग ती पावसाची वाट पाहू लागली. कारण पाऊस आल्यावर काय होतं, ते तिला चांगलं माहीत होतं.

पाऊस आला श्रावण लागता लागता, आणि असा आला की तीन दिवसांत सगळ्या बांध्या भरल्या. आता गंमत अशी की तीन आठवडे थांबलेलं सगळ्यांचं रोवणं एकाच वेळी आलं. परे आधीच वयाच्या वर गेलेले. आठ-दहा दिवसांत रोवलं तर धान, नाहीतर गवत. आणि रोवणं बाईचं काम. पुरुष चिखलणी करील, परे उपटील, पेंढ्या बांधून बांधीत फेकील, पण वाकून रोप चिखलात बसवायला बाईचा हात लागतो. तशी चालच आहे. पुरुष रोवायला वाकला तर गाव हसतं आणि धानही हसतं म्हणतात. गावात रोवण्याच्या तीन टोळ्या होत्या. सगळ्यांत मोठी, बावीस बायांची, कुंताची.

दरसाल कुंताची टोळी पहिल्यांदा भैयाजीच्या सहा बांध्यांत उतरायची. घरचं म्हणून. त्याही वर्षी भैयाजीनं तेजरामकडून निरोप धाडला की गुरुवारी रोवणं धरू. कुंतानं हो सांगितलं. तेजरामला नवल वाटलं, बरंही वाटलं. गेलं वाटते डोक्यातून, असं तो स्वतःशी म्हणाला. बिचारा.

बुधवारी भैयाजीच्या गड्यांनी दिवसभर परे उपटले. उपटलेले परे परत लावता येत नाहीत आणि दोन दिवसांवर ठेवता येत नाहीत, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. सहाही बांध्यांत पेंढ्या पडल्या. गुरुवारी सकाळी भैयाजी छत्री घेऊन धुऱ्यावर उभा होता. बावीस बाया डोक्यावर पोत्याच्या खोळा घेऊन पाळीवरून उतरल्या, त्याच्या धुऱ्यावर आल्या, आणि त्याच्या बांधीच्या कडेकडेनं सरळ पुढे निघून गेल्या. सगळ्यांत पुढे कुंता, पदर नाकापर्यंत ओढलेला, भासऱ्याला पाहून बाईनं ओढावा तसा. तीन बांध्या पलीकडे नत्थूचं शेत होतं, तिथं उतरल्या.

भैयाजीला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं. पण करणार काय? तो भासरा. धाकट्या भावाच्या बायकोला हाक मारायची सोय नाही, तिच्या मागे धावायची सोय नाही. त्यानं सीताबाईला हाक मारली. सीताबाई कुंताचा उजवा हात, साठीची, तोंडाची फटकळ. ती चिखलात उभ्या उभ्याच म्हणाली, "आमाले काय विचारता, भैयाजी? टोळीवालीले विचारा." आणि सगळ्या बाया वाकल्या त्या वर पाहीनात.

दुसऱ्या दोन टोळ्या पंधरा दिवसांच्या बोलीनं बांधलेल्या. भैयाजी करडी गावापर्यंत बाया शोधून आला, रिकामाच आला. ललिताबाई आणि तिची सून दोघींनी मिळून एका बांधीचा कोपरा रोवला, तेवढ्यात सुनेच्या कमरेत उसण भरली. शुक्रवारी ऊन पडलं, लख्ख ऊन. पेंढ्या आतून तापल्या. शनिवारी वरच्या दोन बांध्यांतल्या पेंढ्या पिवळ्या दिसायला लागल्या, दुरूनसुद्धा. येणारा जाणारा थांबायचा, पाहायचा, काही न बोलता पुढे जायचा.

टोळीतही कुजबूज सुरू झाली. धान म्हणजे लक्ष्मी. कोणाचंही असो, सुकताना पाहवत नाही. सीताबाईनंच शनिवारी जेवणाच्या सुट्टीत विषय काढला.

"परे त कोनाले चावले नाई, कुंते."

"भिंगरी कोनाले चावली होती?" कुंता म्हणाली आणि कांद्यावर मूठ मारली.

खरं सांगायचं तर तिला घास जात नव्हता. बावीस वर्षं तिनं त्याच बांध्या रोवल्या होत्या. कोणत्या बांधीत गुडघाभर चिखल, कोणत्या कोपऱ्यात खेकडे, सगळं पाठ. पण घरी गेल्यावर ती भिंगरीची चिंधी सोडायची, ते नरड्याचं भोक पाहायची, आणि तिचं मन पुन्हा दगड व्हायचं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारीच, दिवस मावळायच्या आधी भैयाजी तिच्या अंगणात आला. टोळीतल्या सात-आठ जणी विहिरीवर पायाचा चिखल धूत होत्या. तेजराम वळचणीला बसून दोरी वळत होता. भिंगरी दारात पोत्यावर पडली होती. भैयाजीच्या एका हातात टायगरची दोरी आणि दुसऱ्या हातात कुऱ्हाड. बाया धूत होत्या ते पाय तसेच राहिले. कुंता दाराच्या आत सरकली, पदर डोक्यावर.

भैयाजी पाठमोरा उभा राहिला, रीतीप्रमाणे, टट्ट्याकडे तोंड करून. तीन दिवसांत त्याची दाढी वाढली होती आणि धोतराला वाळलेला चिखल लागला होता. मग तो बोलला, भिंगरीशी.

"भिंगरे, सांग तुह्या मालकिनीले. हा आणला. तिच्यासमोर तोडतो. मंग उद्या बायका धाड म्हना."

भिंगरीनं त्याचा आवाज ऐकला. चार वर्षं हा आवाज आला की ती शेपूट हलवत टट्ट्याकडे जायची आणि मग कुंताकडे तोंड करून भुंकायची. आता तिनं तोंड उघडलं, नुसती हवा आली. तिला टायगर दिसला. ती तीन पायांवर घसटत घसटत दाराच्या आत आली, कुंताच्या पायामागे शिरली, आणि तिथंच तिला मूत झालं. टायगर शांत बसला होता. त्याला कोणी बस म्हटलं असणार.

कुंतानं खाली पाहिलं. मग तिनं डोक्यावरचा पदर काढला, दोन्ही हातांनी पिळला आणि कमरेला खोचला, रोवायला उतरताना खोचतात तसा. दाराबाहेर आली, अंगण ओलांडलं, आणि भैयाजीला वळसा घालून त्याच्या समोर उभी राहिली. विहिरीवर कोणीतरी "अवं बाई" म्हणालं. तेजराम दोरी टाकून उठला आणि उठून तसाच राहिला.

भैयाजीनं मान खाली घातली. तो वळायला लागला, तर तो वळेल त्या बाजूला ती गेली.

"भिंगरीचं तोंड गेलं," कुंता म्हणाली. "आता मीच बोलतो."

बावीस वर्षांत तिचा आवाज थेट आपल्याशी बोललेला त्यानं पहिल्यांदा ऐकला. तो मोठा नव्हता, थोडा घोगरा होता.

"कुऱ्हाड खाली ठेवा. हे जनावर तुमचंच आइकते. तुमी बस म्हटलं त बसला. मंग आधी काहून नाई म्हटलं?"

भैयाजी जमिनीकडे पाहत पुटपुटला की ध्यानात नाही आलं.

"खोटं. तुमी हासत होते. मी पाहिलं. मी पदर शोधत होती, तुमच्यासाठी. पदर सापडेस्तोवर तिचं नरडं गेलं. काहून नाई म्हटलं ते सांगा, मंग रोवन्याचं पाहू."

तेजरामच्या तोंडातून "कुंते" असं काहीतरी निघालं. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भैयाजीच्या कपाळावर घाम आला होता. त्याच्या मागे सहा बांध्या होत्या, वर्षाचं धान होतं, आणि समोर उघड्या डोक्याची भावजय. त्यानं कुऱ्हाड टट्ट्याला टेकवली.

"मजा वाटली," तो म्हणाला.

"त्या बायकाइले आइकू नाई आलं."

त्यानं एकदा विहिरीकडे पाहिलं. बायांनी डोळे खाली घेतले नाहीत, एकीनंही नाही.

"मजा वाटली," तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी सगळ्यांना ऐकू आलं. मग तो टायगरची दोरी ओढत निघाला. कुऱ्हाड तिथंच राहिली. ती नेऊन द्यायला तेजराम धावला, त्याला कुंतानं अडवलं नाही.

त्या रात्री तेजराम जेवला नाही. तू चाल मोडली, एवढंच म्हणाला. कुंतानं त्याचा भात झाकून ठेवला आणि भिंगरीची चिंधी बदलली.

रविवारी टोळी भैयाजीच्या शेतात उतरली. वरच्या दोन बांध्यांतल्या पेंढ्या गेल्या होत्या, सडून वास येत होता, त्या तशाच चिखलात तुडवल्या. दोन बांध्यांचं धान बुडालं ते बुडालं, कुंताला त्याची चुटपुट लागली आणि समाधानही वाटलं, दोन्ही एकदम. खालच्या चार बांध्यांत पाणी होतं म्हणून तिथल्या पेंढ्या कशाबशा तगल्या होत्या, तिथं बाया ओळीनं वाकल्या. पोत्यावर घालून आणलेली भिंगरी धुऱ्यावर पळसाच्या सावलीत पडली होती. तिच्या नरड्यावर नवी कातडी धरायला लागली होती, गुलाबी, केस नसलेली.

भैयाजीचे गडी आदल्या दिवशीच दुसरीकडे लागले होते, त्यामुळे पडलेल्या पेंढ्या उचलून बायांपुढे फेकायला तोच. धोतर वर खोचून धुऱ्याधुऱ्यानं फिरत होता. तो जवळ आला की ओळीतल्या सगळ्या बाया चिखलाचा हात तसाच वर नेऊन पदर पुढे ओढायच्या. कुंता ओढत नव्हती. तिचा पदर कमरेला होता.

एक पेंढी फार लांब पडली. कुंता कंबर सरळ करून उभी राहिली, केसांवरचा चिखल मनगटानं पुसला आणि थेट त्याच्याकडे पाहिलं.

"जवळ टाका," ती म्हणाली. "हाताशी आली पाहिजे."

भैयाजी चिखलात उतरला, ती पेंढी उचलली आणि तिच्या हाताशी आणून ठेवली.